जुनी जीप आणि चार चाकांचे गणित

पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर रुतलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. मागचे एक चाक गरगर फिरते, चिखल उडतो, इंजिन ओरडते, पण गाडी जागची हलत नाही. अशा वेळी एखादी जुनी जीप त्याच चिखलातून सावकाश निघून जाते. तिचे इंजिन अधिक जोरदार असते असे नाही. पुष्कळदा ते त्या मोटारीच्या इंजिनाहून लहानच असते. मग फरक कशात असतो?

फरक असतो तो शक्तीच्या वाटणीत. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांकडे जाते. जीपमध्ये ती हवी तेव्हा चारही चाकांकडे पाठवता येते. म्हणून डोंगराळ भागात, नदीनाल्यांच्या गावांत आणि शेतावर जाणाऱ्या वाटांवर अशा गाड्यांना मागणी असते. नवी गाडी महाग पडते, त्यामुळे बरीच कुटुंबे वापरलेली गाडी घेतात आणि घरातली कित्येक वर्षांची शिल्लक त्यात घालतात. असा व्यवहार बहुधा रंग, आसने आणि टायरांवरची नक्षी पाहून होतो. पण या गाडीचे खरे दुखणे तिच्या पोटाखाली असते. ते ओळखायला जे शास्त्र लागते ते तुमच्या वर्गातच शिकवले जाते: वर्तुळाचा परीघ, पायथागोरसचा सिद्धांत आणि घर्षण.

दोन चाके की चार?

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली आणि २०१० मध्ये महिंद्रची थार. आज जुन्या गाड्यांच्या बाजारात आपल्याकडे यांच्यातलीच एखादी गाडी हमखास भेटते.

चार चाकांचा फायदा किती, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, गाडीचे वजन १२०० किलोग्रॅम आहे आणि ते पुढच्या व मागच्या चाकांवर निम्मे निम्मे पडते. ओल्या मातीवर घर्षणाचा गुणांक ०.३ धरू. मागची दोनच चाके ओढत असतील तर त्यांना जमिनीची पकड मिळेल ६०० × ०.३ म्हणजे १८० किलोग्रॅम-भाराएवढी. चारही चाके ओढत असतील तर ती मिळेल १२०० × ०.३ म्हणजे ३६० किलोग्रॅम-भार. आता पाचास एक असा चढ चढायला १२०० चा पाचवा भाग, म्हणजे २४० किलोग्रॅम-भार एवढे बल लागते. १८० मध्ये हे काम होत नाही, ३६० मध्ये होते. इंजिन तेच, चढ तोच. केवळ पकड दुप्पट झाली.

याशिवाय जीपमध्ये एक जादा गिअर-पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. पुढच्या चाकांकडे शक्ती वळवणे हे तिचे एक काम आणि वेग कमी करून जोर वाढवणे हे दुसरे. महायुद्धातल्या विलीज जीपचा पहिला गिअर २.६६५, ट्रान्स्फर केसचा हळू गिअर १.९७ आणि आसाचा गिअर ४.८८ पट होता. तिघांचा गुणाकार सुमारे २५.६ येतो. म्हणजे इंजिनाने २५ हून अधिक फेरे घ्यावेत तेव्हा चाकाचा एक फेरा पुरा होई. वेग इतका घटला की, घर्षणात जाणारा थोडा भाग सोडल्यास, त्याच प्रमाणात जोर वाढतो. तरफेचा नियमच हा!

वळणावर काय होते?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गाडी सरळ जात असताना चारही चाके सारखेच अंतर कापतात. वळणावर मात्र तसे होत नाही. समजा, आपल्या जीपच्या पुढच्या व मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे आणि डाव्या व उजव्या चाकांत १.२५ मीटर. जीप अर्धवर्तुळात वळून मागे फिरते आहे. तिचे मागचे आतले चाक ४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जात असेल, तर मागचे बाहेरचे चाक ५.२५ मीटर त्रिज्येवरून जाईल.

पुढच्या चाकांची त्रिज्या पायथागोरसच्या सिद्धांताने काढता येते, कारण वळणाचा मध्यबिंदू मागच्या आसाच्या रेषेत असतो. आतल्या चाकासाठी ४ चा वर्ग अधिक २ चा वर्ग म्हणजे २०. त्याचे वर्गमूळ ४.४७ मीटर. बाहेरच्या चाकासाठी हीच रीत वापरली की ५.६२ मीटर मिळतात. अर्धवर्तुळाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले ३.१४१६. तेव्हा चार चाकांनी कापलेली अंतरे अशी येतात:

मागचे आतले चाक: १२.५७ मीटर
मागचे बाहेरचे चाक: १६.४९ मीटर
पुढचे आतले चाक: १४.०५ मीटर
पुढचे बाहेरचे चाक: १७.६५ मीटर

चार चाके आणि चार निरनिराळी अंतरे! एकाच आसावरच्या डाव्या-उजव्या चाकांतला फरक सांभाळण्यासाठी डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची जुळणी असते. ती एका चाकाला जितके कमी फिरू देते तितकेच दुसऱ्याला अधिक फिरू देते. शक्ती आणणाऱ्या दांड्याला, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टला, फक्त दोन्ही चाकांच्या सरासरीशी जुळवून घ्यावे लागते. जीपमध्ये पुढच्या आसाला एक आणि मागच्या आसाला एक असे दोन डिफरन्शियल असतात.

पण आता सरासऱ्या पाहा. मागची सरासरी १४.५३ मीटर, पुढची १५.८५ मीटर. फरक १.३२ मीटर. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला तर हा फरक ०.६ फेऱ्याचा झाला. आसाच्या दंतचक्रांचे प्रमाण सुमारे ५ असेल, तर पुढच्या प्रॉपेलर शाफ्टने मागच्यापेक्षा ३ फेरे अधिक घ्यायला हवेत. ते घेता येतात का? नाही! जीप, जिप्सी किंवा थार यांच्या ट्रान्स्फर केसमध्ये चार चाकांचा गिअर टाकला की पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशी पक्के जोडले जातात. त्यांना सारखेच फिरावे लागते.

मग हे तीन फेरे जातात कुठे? चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरतात आणि हिशेब आपोआप चुकता होतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाके सहज घसरत नाहीत. अशा वेळी ओले धोतर पिळावे तसे शाफ्ट, त्याचे सांधे आणि दंतचक्रे पिळली जातात. सुकाणू जड होते, टायर करकरतात, गिअरचा दांडा अडकून बसतो. पुनःपुन्हा असे झाले की सांधे सैल पडतात आणि दात झिजतात.

म्हणून या प्रकारच्या गाड्यांसाठी नियम असा: चार चाकांचा गिअर फक्त निसरड्या किंवा भुसभुशीत जमिनीवर वापरावा, पक्का कोरडा रस्ता लागताच तो काढावा. दांडा अडकलाच तर गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी. पीळ सुटतो आणि दांडा मोकळा होतो. काही गाड्यांत पुढच्या व मागच्या शाफ्टच्या मध्ये तिसरा डिफरन्शियल असतो. त्या पक्क्या रस्त्यावरही चारही चाकांवर चालू शकतात. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे तिच्या माहिती-पुस्तिकेत पाहावे.

आधीच्या मालकाला हा नियम ठाऊक होता की नव्हता, हे विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. पण गाडी ते सांगते. ते कसे वाचायचे ते पाहू.

गाडी उभी असताना

पुढील गोष्टी घरातील मोठ्या माणसांबरोबर आणि ओळखीच्या मिस्त्रीला सोबत घेऊन पाहाव्यात. इंजिन बंद आणि किल्ली खिशात हवी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये.

एक गोष्ट आधी लक्षात ठेवा. पुष्कळ जुन्या जीपगाड्यांचा हातब्रेक चाकांवर नसून मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक उलटे फिरू शकते, आणि शाफ्ट जखडलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून जॅक लावण्यापूर्वी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावलेच पाहिजेत.

१. गाडी खरोखर चार चाकांची आहे का? दिसायला सारख्याच पण दोन चाकांवर चालणाऱ्या जीपगाड्याही पुष्कळ विकल्या गेल्या आहेत. काही गाड्यांचा पुढचा शाफ्ट मागाहून काढून टाकलेला असतो. वाकून पाहा: पुढच्या आसावर डिफरन्शियलचा फुगवटा आणि त्याच्याकडे येणारा शाफ्ट दिसायला हवा.

२. पुढच्या चाकांचे हब पाहा. काही गाड्यांत चाकाच्या मध्यभागी ‘लॉक’ आणि ‘फ्री’ अशी हाताने फिरवायची चकती असते. ती ‘फ्री’वर असेल तर आतला गिअर टाकूनही पुढची चाके ओढत नाहीत. चकती दोन्ही बाजूंना मोकळेपणाने फिरते का ते पाहावे.

३. चाकांना ठोकळे लावून, गिअर मोकळा ठेवून, प्रॉपेलर शाफ्ट हाताने मागे-पुढे पिळून पाहा. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात खटखट जाणवली तर सांधा झिजला आहे. मिस्त्री याला ‘क्रॉस गेला’ म्हणतात. एक क्रॉस बदलणे फार खर्चाचे नसते. पण सगळेच सैल असतील तर ट्रान्स्फर केसची आणि आसांचीही शंका घ्यावी.

४. डिफरन्शियलमधले थोडे तेल मिस्त्रीकडून काढून घ्या. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. तेलात लोहचुंबक फिरवा. त्यावर काळी मऊ पूड बसणे साहजिक आहे. दंतचक्रे झिजताना ती पडतेच. पण नखाला टोचतील असे लोखंडाचे कण निघाले तर दात तुटू लागले आहेत असे समजावे.

५. चॅसीवर, विशेषतः पाटे जिथे जोडलेले असतात तिथे, लहान हातोडीने हलके ठोकत जा. धड पोलाद खणखणीत वाजते; गंजून पातळ झालेल्या जागी आवाज बद्द येतो. नव्या जाड काळ्या रंगाखाली गंज झाकलेला असू शकतो. समुद्रकिनारी वापरलेल्या गाडीची ही तपासणी दुप्पट काळजीने करावी, कारण खारट पाणी विजेचे चांगले वाहक असते आणि गंजण्याची रासायनिक क्रिया त्यात झपाट्याने होते.

टायर मोजा

हे काम तुम्ही स्वतः करू शकता. खडू आणि मोजपट्टी घ्या. टायर जमिनीला जिथे टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा. मोठ्या माणसांना गाडी सपाट जागेवर हळू सरळ ढकलायला सांगा. टायरवरची खूण पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करा. दोन खुणांतले अंतर म्हणजे चाकाचा चालता परीघ. चारही चाकांत हवेचा दाब कंपनीने सांगितल्याप्रमाणे भरून हे माप घ्यावे.

याला एवढे महत्त्व का? समजा, पुढचे दोन टायर नवे आहेत आणि मागचे ६ मिलिमीटर झिजलेले आहेत. मागच्या चाकाची त्रिज्या ६ मिलिमीटरने कमी, म्हणून परीघ सुमारे ३८ मिलिमीटरने कमी झाला. २.२ मीटर परिघाचे चाक एका किलोमीटरला सुमारे ४५४ फेरे घेते. झिजलेले चाक घेते ४६२. प्रत्येक किलोमीटरला आठ फेऱ्यांचा फरक, आणि शाफ्टवर त्याच्या पाचपट म्हणजे चाळीस! ही गाडी सरळ रस्त्यावरही स्वतःला पिळत राहते. म्हणून चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत. ठरावीक काळाने जादा टायरसह पाचही टायरांची अदलाबदल करावी; म्हणजे पंक्चर झाल्यावर लावलेले पाचवे चाक इतरांशी जुळते.

गाडी चालवून पाहताना

प्रथम डांबरी रस्त्यावर दोन चाकांच्या गिअरमध्ये. वेग वाढवताना आणि नंतर अॅक्सिलरेटर सोडल्यावर, अशा दोन्ही वेळी कान द्यावा. वेग वाढवताना दातांची एक बाजू दाबली जाते, सोडताना दुसरी. केवळ एकाच वेळी घूं असा आवाज आला तर त्या बाजूचे दात झिजले असण्याचा संभव असतो.

मग गाडी मोकळ्या मातीच्या मैदानावर न्यावी. चार चाकांचा गिअर टाकून अगदी सावकाश पूर्ण वळण घ्यावे. सुकाणू किंचित जड झाले आणि गाडी अडखळल्यासारखी वाटली तर घाबरू नका. पुढची चाके खरोखर जोडली गेल्याची ती खूण आहे. आपण काढलेला १.३२ मीटरचा फरक तो हाच! गिअर काढताच गाडी मोकळी झाली पाहिजे. त्यानंतर हळू गिअर टाकून लहानसा चढ चढावा आणि उतरावा. उतारावर दांडा आपोआप बाहेर उडी मारत असेल, तर ट्रान्स्फर केस उघडावी लागेल. तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

कागदपत्रे

चॅसीवर व इंजिनावर कोरलेले क्रमांक नोंदणी-पुस्तकातल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. जुन्या जीपमध्ये पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवल्याचे पुष्कळदा आढळते; असा बदल नोंदणीत दाखवलेला नसेल तर गाडी घेऊ नये. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परवानगीवाचून गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करता येत नाही. गाडीवर कर्जाचा बोजा नाही ना, विमा चालू आहे ना, हेही पाहावे. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. एकाच राज्यातल्या विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ. कार्यालयाला द्यावयाची असते. हे काम लांबणीवर टाकू नये. उद्या अपघात झाला तर कागदावर जो मालक असेल त्याच्याकडेच विचारणा होते.

घेतल्यानंतरची निगा

खिशातली सगळी रक्कम किमतीत घालू नये. पहिल्या दुरुस्तीसाठी काही भाग राखून ठेवावा. गाडी घरी येताच इंजिन, गिअर-पेटी, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांतले तेल बदलावे. जुने तेल कधीचे आहे हे आपल्याला माहीत नसते. आजच्या तारखेपासून नवी नोंदवही सुरू करावी.

चार चाकांचा गिअर महिन्यातून एकदा तरी मातीच्या रस्त्यावर एक-दोन किलोमीटर वापरावा. त्यामुळे पुढच्या दंतचक्रांना आणि सीलना तेल पोहोचते. वर्षभर न वापरलेला गिअर नेमका ऐन पावसात अडकतो.

ओढा ओलांडण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्या. बराच वेळ धावलेल्या गाडीचे आस तापलेले असतात. ते गार पाण्यात बुडताच आतली हवा आकुंचन पावते आणि आत दाब कमी होतो. मग सीलमधल्या बारीक फटींतून पाणी आत ओढले जाते. हे होऊ नये म्हणून आसावर हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक लहान नळी असते. ती चिखलाने बुजलेली नाही ना, हे पाहत जावे. पाण्याबाहेर आल्यावर हलका ब्रेक दाबत थोडे अंतर जावे, म्हणजे ब्रेक वाळतात. पुढच्या रविवारी शाफ्टच्या सांध्यांना नवे ग्रीस भरावे आणि आसाच्या तेलाचा रंग पाहावा. चॅसीच्या खोबणीत बसलेला चिखल धुऊन काढावा. तो ओल धरून ठेवतो आणि आतून गंज चढतो.

थांबताना चार चाके कामी येत नाहीत

आता सर्वांत महत्त्वाचे. चार चाकांची गाडी घेतली की अंगात एक प्रकारचा धीटपणा येतो. निसरड्या रस्त्यावरही ती झटकन निघते, म्हणून ती झटकन थांबेलही असे वाटू लागते. हा समज जिवावर बेतू शकतो. ब्रेक तर प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ब्रेक लागल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे काढायला वेगाच्या वर्गाला घर्षणगुणांक आणि गुरुत्वीय त्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागावे लागते. कोरड्या रस्त्यावर गुणांक ०.७ धरला तर हे अंतर सुमारे २० मीटर येते. ओल्या रस्त्यावर ०.४ धरला तर ३५ मीटर. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी १६.७ मीटर. या सूत्रात ‘चार चाकांचा गिअर’ कुठेच येत नाही. त्यातच जीप उंच असते, तिचा गुरुत्वमध्य वर असतो. टपावर ओझे लादले की तो आणखी वर जातो आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून जुन्या जीपवर पहिला खर्च करावयाचा तो ब्रेक, टायर आणि सुकाणू यांवर. दिवे आणि रंग त्यानंतर.

करून पाहा

१. खेळण्यातल्या मोटारीची चारही चाके रंगात बुडवून तिला मोठ्या कागदावर वळवा. चार रेषांची लांबी दोऱ्याने मोजा. कोणती रेषा सर्वांत लांब आली?

२. आपल्या उदाहरणातल्या जीपचे मागचे आतले चाक ४ ऐवजी ८ मीटर त्रिज्येवरून गेले, तर पुढच्या-मागच्या सरासरीतला फरक वाढेल की कमी होईल? आधी अंदाज करा, मग गणित करा.

३. घराजवळच्या एखाद्या जीपमालकाची परवानगी घेऊन चारही चाकांचे चालते परीघ मोजा. त्यांतल्या फरकामुळे एका किलोमीटरला किती फेऱ्यांचा फरक पडतो ते काढा आणि त्या मालकाला दाखवा. कदाचित तुमच्या या बेरीज-वजाबाकीमुळे त्यांच्या गाडीचा मोठा खर्च वाचेल.